मागितलं किती, मिळालं किती

पुण्याहून साताऱ्याकडे जाताना खंबाटकीचा घाट लागतो. भरलेली गाडी तिसऱ्या गिअरमध्ये चढत असते आणि एका वळणावर, मागून कुणी दोरी बांधून ओढावं तशी ती अचानक जड होते. मीटरमध्ये इंजिनाच्या आकाराचा पिवळा दिवा लागतो. ॲक्सिलरेटर तळापर्यंत दाबला तरी आरपीएम अडीच हजारांच्या पुढे सरकत नाही. गाडी बंद पडत नाही, आवाजही फारसा बदलत नाही, फक्त दम गेलेला असतो. रांगत रांगत घाटमाथा गाठायचा, चहाच्या टपरीपाशी थांबायचं, चावी बंद करून पुन्हा फिरवायची. गाडी पहिल्यासारखी पळू लागते, पुढचा चढ लागेपर्यंत.

गॅरेजमध्ये याला 'लिम्प मोड' म्हणतात. लंगडत का होईना, घरी पोहोचा, एवढी मुभा देऊन गाडीचा संगणक, म्हणजे ईसीयू, बाकीची ताकद काढून घेतो. लंगडणाऱ्या बैलाला शेतकरी चाबूक मारत नाही, थांबून त्याचा खूर उचलून पाहतो. गाडीच्या बाबतीतही पाहायचंच असतं, पण इथे एक फरक आहे. गाडी दुखतंय म्हणून लंगडत नाही. पुढे काहीतरी मोडेल या शंकेने तिला लंगडत चालायला लावलेलं असतं. लिम्प मोड हा बिघाड नाही, तो ईसीयूने घेतलेला निर्णय आहे. तो निर्णय कोणत्या पुराव्यावर घेतला गेला आणि तो पुरावा खरा होता का, हे शोधणं म्हणजे या क्षेत्रातलं निदान. या पुस्तकाची सगळी प्रकरणं या एका प्रश्नाभोवती फिरतात.

ईसीयूचा विचार करण्याचा रस्ता एकदा कळला की अर्धी भीती जाते. तो सतत दोन आकडे शेजारी ठेवून पाहतो: मी मागितलं किती आणि मला मिळालं किती. टर्बोकडून हवेचा अमुक दाब मागितला, सेन्सरने तमुक सांगितला. इंजेक्टरना डिझेल पुरवणाऱ्या रेलमध्ये एवढा दाब हवा होता, तेवढा आला. दोन्हींतलं अंतर ठरावीक मर्यादेबाहेर, ठरावीक वेळ राहिलं की तो कोड लिहितो, आणि अंतर धोक्याचं असेल तर ताकद कापतो. कोड म्हणजे या तफावतीची नोंद. तफावत कशामुळे पडली याबद्दल कोड काहीही सांगत नाही. पी०२९९ चा अर्थ 'टर्बो खराब' असा नाही, 'मागितलेल्यापेक्षा हवेचा दाब कमी मिळाला' एवढाच आहे. या दोन वाक्यांमधल्या अंतरात लोकांचे हजारो रुपये बुडालेले मी पाहिले आहेत.

ही कोडची भाषा मुळात मिस्त्रींसाठी जन्मालाच आली नाही. ती हवेसाठी जन्मली. लॉस एंजेलिसच्या धुरकट हवेने त्रासलेल्या कॅलिफोर्नियाने १९८८ च्या मॉडेलपासून गाड्यांना स्वतःच्या प्रदूषणयंत्रणेवर लक्ष ठेवायला लावलं. १९९६ पासून अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या सर्व कारना ओबीडी-२ ही स्वतःवर लक्ष ठेवणारी प्रमाणित यंत्रणा बंधनकारक झाली आणि सोळा पिनांचं ते एकसारखं सॉकेट स्टिअरिंगखाली आलं. आपल्याकडे बीएस-४ च्या चारचाकींना १ एप्रिल २०१३ पासून ओबीडी-२ लागू झालं आणि १ एप्रिल २०२० पासून देशभर बीएस-६ आलं. हा इतिहास मी हौसेसाठी सांगत नाही. यंत्रणेचा पहिला धनी धूर आहे, म्हणून तिचे प्रमाणित कोड धुरावर परिणाम करणाऱ्या गोष्टींबद्दल भरभरून बोलतात आणि फाटलेल्या रबरी पाइपबद्दल, सैल अर्थिंगबद्दल, वायरिंगच्या कपलरमध्ये शिरलेल्या पाण्याबद्दल नावानिशी कधीच बोलत नाहीत. तिथपर्यंत माणसालाच जावं लागतं.

ताकद का कापायची, हेही समजून घ्यायला हवं. डिझेल इंजिनाची ताकद आत किती डिझेल सोडलं यावर ठरते, आणि ते डिझेल जळायला पुरेशी हवा लागते. हवा कमी पडली आणि डिझेल तेवढंच राहिलं तर काळा धूर निघतो आणि एक्झॉस्टचं तापमान चढतं. उलट, हवेचा दाब गरजेपेक्षा जास्त झाला तर सिलिंडरवर ताण येतो आणि टर्बो बेफाम फिरतो. लहान गाडीच्या टर्बोचा दांडा मिनिटाला दोन लाखांहून अधिक फेरे घेऊ शकतो. त्या वेगात बेअरिंगला चुकीला जागा नसते. म्हणून ईसीयू वाद घालत बसत नाही. तो डिझेल कमी करतो, टर्बोला मोकळं सोडतो आणि दिवा लावतो.

आता एक गाडी जवळून पाहू. सुरुवातीला सांगितलेली खंबाटकीची तक्रार घेऊन एक शिक्षक माझ्याकडे आले होते. त्याआधी दोन ठिकाणी जाऊन आलेले. पहिल्या ठिकाणी कोड डिलीट मारून गाडी परत दिली होती. दुसऱ्या ठिकाणी टर्बो नवा बसवला होता. कर्ज काढून बिल भरलं होतं आणि पुढच्याच रविवारी त्याच घाटात गाडी पुन्हा लंगडली होती. त्यांचा राग माझ्यावर नव्हता, गाडीवरही नव्हता. "मला फक्त कारण सांगा," एवढंच ते म्हणाले.

सुदैवाने या वेळी कोड कुणी पुसला नव्हता. कोडबरोबर ईसीयू त्या क्षणाचं एक चित्र जपून ठेवतो, त्याला 'फ्रीझ फ्रेम' म्हणतात. त्यात लिहिलं होतं: २,३०० आरपीएम, ताशी ४६ किलोमीटर, भार ९० टक्क्यांच्या वर, पाण्याचं तापमान ८८ अंश. म्हणजे गरम इंजिन, पूर्ण ओढ, चढ. सपाट रस्त्यावर किंवा गॅरेजच्या दारात उभ्या गाडीत हा दोष सापडणार नाही, हे त्या चार आकड्यांनी आधीच सांगून टाकलं. कोड पुसला की हे चित्रही पुसलं जातं. म्हणून स्कॅनर लावल्यावर 'डिलीट'कडे जाणारा हात आधी आवरायचा, सगळं उतरवून घ्यायचं, हा आमच्याकडे विद्यार्थ्यांना शिकवला जाणारा पहिला धडा आहे.

मग चावी ऑन, इंजिन बंद. इनटेकचा दाब मोजणारा सेन्सर ९५० मिलिबारच्या आसपास दाखवत होता. पुणे समुद्रसपाटीपासून साधारण ५६० मीटर उंचावर आहे, तिथे वातावरणाचा दाब एवढाच असतो. म्हणजे सेन्सर खरं बोलत होता. टर्बोचा दाब कमी-जास्त करणाऱ्या ॲक्च्युएटरची व्हॅक्यूम नळी हातपंपाने तपासली, दाब धरून राहिली, दांडा पूर्ण सरकून परत आला. शेजारी एकाला स्कॅनर घेऊन बसवलं आणि गाडी कात्रजच्या चढावर काढली. पूर्ण ॲक्सिलरेटरला ईसीयू २,०५० मिलिबार मागत होता, मिळत होते १,४८०.

इथपर्यंत कुणीही टर्बोलाच दोष देईल. पण त्याच पडद्यावर आणखी एक आकडा होता: एअर फिल्टरपाशी आत येणारी हवा मोजणाऱ्या सेन्सरचा. टर्बो खरोखर थकलेला असता किंवा फिल्टर चोंदला असता तर आत येणारी हवाच कमी भरली असती. ती कमी नव्हती, उलट किंचित जास्तच होती. हवा दारातून पुरेशी आत येत होती आणि सिलिंडरपर्यंत पोहोचत नव्हती. मग ती वाटेतच कुठेतरी सांडत होती. हे अनुमान रस्त्यावर, गाडीला एकही पाना न लावता निघालं.

गाडी लिफ्टवर घेतली. इंटरकूलरच्या खालच्या होज पाइपवर काळपट तेलाची एक ओली रेघ होती. पाइप जागेवर होता, क्लिपाही घट्ट होत्या, नुसतं पाहून काही कळलं नसतं. हाताने वाकवला तेव्हा माशाचा कल्ला उघडावा तशी बोटभर लांबीची चीर उघडली आणि हात काढताच मिटली. सपाटीवर दाब कमी असतो, चीर मिटलेली राहते. घाटात दाब वाढतो, चीर उघडते. पूर्वी कधीतरी पाइप काढताना एक ब्रॅकेट परत बसवायचं राहिलं होतं आणि पाइप क्रॉस मेंबरला घासत राहिला होता. होज बदलला, ब्रॅकेट बसवलं, आणि त्याच चढावर मागितलेला व मिळालेला आकडा जुळताना त्या शिक्षकांना पडद्यावर दाखवला. काम झालं हे ग्राहकाला आकड्यात दाखवणं हा निदानाचाच भाग आहे असं मी मानतो.

ही गोष्ट सविस्तर सांगितली, कारण पद्धत तिच्यात आहे. बाकीच्या वाटा पुढच्या प्रकरणांत येतीलच. व्हेरिएबल टर्बोच्या पात्यांवर काजळी बसून ती अडकतात, आणि तिथे तक्रार बहुधा चढाच्या मध्यावर, दाब जास्त झाल्याच्या कोडने येते. एक्झॉस्टचा काही भाग पुन्हा इंजिनात सोडणारा ईजीआर व्हॉल्व्ह अर्धवट उघडा राहतो. डिझेल फिल्टरमध्ये पाणी साठतं किंवा तो तुंबतो आणि पूर्ण ओढीला रेलचा दाब पडतो. ॲक्सिलरेटरच्या पेडलमध्ये दोन सेन्सर असतात. बहुतेक गाड्यांत एकाचा व्होल्टेज दुसऱ्याच्या दुप्पट असतो. कोकणच्या पावसाळ्यात कपलरच्या पिनांवर हिरवट थर चढला की ते प्रमाण बिघडतं, आणि दोघांतला खरा कोण हे न कळल्याने ईसीयू दोघांवरचाही विश्वास काढून घेतो. ऑटोमॅटिक गिअरबॉक्स शंका आली की एकाच गिअरमध्ये अडकून बसतो. उंदरांनी कुरतडलेल्या वायरीचं प्रकरण छोटं आहे, पण पावसाळ्यानंतर सर्वांत जास्त उघडलं जाईल ते तेच.

बीएस-६ डिझेलच्या काजळीच्या फिल्टरबद्दल, डीपीएफबद्दल, मात्र थोडं थांबायला हवं. तिथे दोष यंत्रात कमी आणि वापरात अधिक असतो. साठलेली काजळी जाळायला फिल्टर साधारण ६०० अंशांपर्यंत तापावा लागतो. मुलांना शाळेत सोडणं, दोन किलोमीटरवरचं ऑफिस, संध्याकाळी भाजी, एवढीच रोजची चाल असेल तर इंजिन तेवढं तापतच नाही. जाळण्याचं काम सुरू होतं, मालक घरी पोहोचतो, चावी बंद करतो. असं दहा वेळा झालं की फिल्टरच्या दोन्ही बाजूंच्या दाबातला फरक वाढतो आणि गाडी ताकद कापते. जाळण्यासाठी सोडलेलं जादा डिझेल इंजिन ऑइलमध्ये उतरून ऑइलची पातळीही वाढवू शकतं, म्हणून अशा गाडीची डिपस्टिक आवर्जून पाहावी. काजळी जळते, ऑइलमधून येणारी राख जळत नाही, म्हणून ऑइलचा ग्रेड इथे हट्टाने पाळायचा. अशा ग्राहकाला डीपीएफ काढून टाकायचा सल्ला देणारे भेटतात. तो सल्ला बेकायदा आहे आणि शहरातल्या मुलांच्या फुप्फुसांवर घाव घालणारा आहे. या पुस्तकात त्याला जागा नाही.

जुन्या मिस्त्रींबद्दल मला मनापासून आदर आहे. स्क्रू-ड्रायव्हर कानाला लावून टॅपेटचा आवाज ओळखणाऱ्या माणसांकडूनच मी शिकलो. त्यांचं ज्ञान स्कॅनरने रद्द केलेलं नाही. तेलाची ती ओली रेघ ओळखायला तोच डोळा लागतो. पण त्यांची एक सवय इथे जिवावर बेतू शकते. जुन्या डिझेलमध्ये कोणता सिलिंडर मिस मारतोय हे पाहायला चालू इंजिनवर इंजेक्टरच्या पाइपचा नट सैल करत. मग कॉमन रेल आलं, म्हणजे सगळ्या इंजेक्टरना एकाच रेलमधून डिझेल. ते असलेली पहिली कार, अल्फा रोमिओ १५६, १९९७ मध्ये आली. तिच्यानंतर आलेलं फियाटचं १.३ लिटरचं मल्टिजेट इंजिन आपल्या रांजणगावात बनलं आणि त्यावर आमच्याकडची एक पिढी हे तंत्र शिकली. कॉमन रेलमध्ये नुसत्या आयडलिंगला डिझेलचा दाब अडीचशे-तीनशे बार असतो, पूर्ण ओढीला तो दीड-दोन हजारांपर्यंत जातो. त्या दाबाची बारीक धार कातडीतून आरपार शिरते. चालू कॉमन रेल इंजिनाच्या नटाला हात लावायचा नाही, कुणीही सांगितलं तरी.

भाषेबद्दल दोन शब्द. कपलर, होज, ॲक्च्युएटर, सेन्सर हे शब्द मी गॅरेजमध्ये बोलले जातात तसेच ठेवले आहेत. त्यांना नवे संस्कृत पर्याय घडवले असते तर पुस्तक वाचणाऱ्याला आधी शब्दकोश लागला असता. मात्र स्कॅनरच्या पडद्यावर इंग्रजीत दिसणाऱ्या दोन स्तंभांसाठी मी 'मागणी' आणि 'प्रत्यक्ष' हे शब्द हट्टाने वापरले आहेत, कारण आयटीआयच्या वर्गात हे दोन शब्द फळ्यावर लिहिले की पुढचं निम्मं मुलं स्वतःच सांगू लागतात.

या क्षेत्रात यायला मोठी पदवी लागत नाही. व्होल्ट, ओहम आणि दाब यांची समज, एक चांगला मल्टिमीटर, लाइव्ह आकडे दाखवणारा साधा स्कॅनर आणि पार्ट बदलण्याआधी अर्धा तास थांबण्याची तयारी, एवढं पुरेसं आहे. गाडीचा मालक म्हणून हे वाचत असाल तरी तुमचं स्वागत आहे. तुम्ही 'गाडी पिकअप घेत नाही' याऐवजी 'गरम इंजिनला, तिसऱ्या गिअरमध्ये, चढावर, काळा धूर टाकत दम सोडते' असं सांगितलंत, तर तुमच्या मिस्त्रीचं निम्मं काम तिथेच होतं.

पहिलं प्रकरण वाचण्याआधी एक करून पाहा. धडधाकट गाडी घ्या, स्कॅनर लावा, चावी ऑन करा, इंजिन सुरू करू नका आणि इनटेकच्या दाबाचा आकडा वाचा. मुंबईत असाल तर तो १,०१० च्या जवळ असेल, पुण्यात ९५०, महाबळेश्वरला ८६० च्या आसपास. मग इंजिन सुरू करून आयडलिंगचा आकडा घ्या, आणि शेजारी कुणाला तरी स्कॅनर घेऊन बसवून एका चढावर पूर्ण ॲक्सिलरेटरला मागणी आणि प्रत्यक्ष हे दोन्ही आकडे घ्या. तारीख, गाव आणि गाडीचे किलोमीटर घालून हे सगळं वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा. पुढे लंगडणारी गाडी समोर येईल तेव्हा ते पान उघडायचं आहे.