भाव उतरले, पण घर कुणाला मिळालं?

गिरगाव, दादर, परळ, लालबाग या पट्ट्यात घरांचे भाव कधी पडतील का, असा प्रश्न मला ओळखीची तरुण मंडळी वरचेवर विचारतात. लग्न ठरलेलं असतं, आईवडील चाळीतल्या एका खोलीत असतात आणि पगार डोंबिवलीच्या पलीकडे पोचत नाही. कुणी सांगतं दोन वर्षं थांब, कुणी सांगतं आज घेतलं नाहीस तर कधीच नाही. मी अर्थतज्ज्ञ नाही. पण या शहराचा इतिहास वाचताना दोन गोष्टी ठळक दिसतात. एक, ‘मुंबईत भाव कधी पडत नाहीत’ हे दलालांचं आवडतं वाक्य खोटं आहे. दुसरी, भाव पडले की गरिबाला घर मिळतं, ही आपली समजूतही तितकीच कच्ची आहे.

सुरुवात १८६०च्या दशकापासून करू. अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं, तिथला कापूस इंग्लंडच्या गिरण्यांना मिळेना, आणि मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला. हा पैसा शेअरमध्ये आणि जमिनीत शिरला. समुद्र हटवून जमीन काढण्यासाठी कंपन्या निघाल्या. गिरगावच्या किनाऱ्यालगतच्या बॅकबेमध्ये भराव घालू पाहणाऱ्या कंपनीचे शेअर मूळ किमतीच्या कितीतरी पटीने विकले गेले. जमीन अजून पाण्याखाली होती, तिच्या कागदावर लोक श्रीमंत झाले होते. प्रेमचंद रायचंद हे या खेळातलं सर्वांत मोठं नाव. एप्रिल १८६५मध्ये अमेरिकेतलं युद्ध संपत आलं आणि कापूस कोसळला. १ जुलै १८६५ या वायद्यांच्या दिवशी एकामागून एक व्यापारी बुडाले, पुढे बँक ऑफ बॉम्बेही बुडाली.

जागेचे भाव अर्थातच आपटले. पण तेव्हा शहरात काय चाललं होतं? १८६४च्या शिरगणतीत मुंबईची लोकसंख्या ८ लाख १६ हजार होती, १८७२मध्ये ती ६ लाख ४४ हजार भरली. जागा स्वस्त झाली तेव्हा ती घेणारा माणूस रोजगार गमावून गावची वाट धरत होता. १८९६च्या प्लेगमध्येही असंच झालं. लाखो लोक शहर सोडून गेले, खोल्या ओस पडल्या. १९०१मध्ये लोकसंख्या पावणेआठ लाखांवर होती. साथ ओसरू लागली तशी माणसं परतली आणि १९०६च्या मोजणीत आकडा पावणेदहा लाखांपुढे गेला. गर्दी परतली, तिच्यासोबत भाडंही परतलं.

प्लेगने एक मात्र केलं. दाटीवाटी हे रोगाचं मूळ आहे असं सरकारला वाटलं आणि १८९८मध्ये सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. दादर-माटुंग्याची शेतं घेऊन ट्रस्टने रस्ते आखले, प्लॉट पाडले. आजची हिंदू कॉलनी आणि पारशी कॉलनी ही त्याच योजनेची फळं. दादर मध्यमवर्गाला मिळालं, ते भाव पडण्याची वाट पाहून नव्हे. एका सार्वजनिक संस्थेने जमीन आधी आपल्या ताब्यात घेतली होती. मात्र जुन्या वस्त्या पाडताना जे मजूर बेघर झाले, त्यांच्यासाठी ट्रस्टच्या हातून फारसं घडलं नाही. ते शेजारच्या चाळीत आणखी दाटीने राहिले.

पहिल्या महायुद्धात गिरण्यांनी अमाप नफा कमावला आणि खोल्यांची भाडी भडकली. १९१८मध्ये भाड्यावर कायद्याने लगाम घालावा लागला. गव्हर्नर जॉर्ज लॉइड यांनी १९२०मध्ये बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट काढलं. तीच आपली बीडीडी. बेत ५० हजार खोल्यांचा होता. प्रत्यक्षात वरळी, नायगाव, डिलाइल रोड आणि शिवडी इथे २०७ चाळी उभ्या राहिल्या, म्हणजे साधारण साडेसोळा हजार खोल्या. १६० चौरस फुटांच्या.

पुढे जे घडलं ते आज मुद्दाम आठवण्यासारखं आहे. खोल्या तयार झाल्या तोवर तेजी संपली होती. भाडं कामगाराला परवडेना, वरळी गिरणीपासून लांब, उधारीवर धान्य देणारा ओळखीचा वाणी तिथे नाही. वरळीच्या चाळी वर्षानुवर्षं रिकाम्या राहिल्या. सविनय कायदेभंगाच्या काळात सरकारने तिथे सत्याग्रहींना कैदेत ठेवलं. त्याच सुमारास, १९३१च्या शिरगणतीनुसार, मुंबईतली सुमारे ७४ टक्के माणसं एका खोलीच्या बिऱ्हाडात राहत होती. कोकणातून आलेला साचेवाला आणि उत्तर प्रदेशातून मदनपुऱ्यात आलेला मोमीन विणकर, दोघांचीही हीच गत. पाळीप्रमाणे झोपायचं, एक उठला की त्याच जागी दुसरा आडवा व्हायचा. रिकामं घर आणि बेघर माणूस एकाच शहरात सुखेनैव नांदू शकतात, हे तेव्हाच सिद्ध झालं होतं. २०११च्या जनगणनेत मुंबईत सुमारे ४ लाख ८० हजार घरं रिकामी आढळली, तेव्हा आपण उगाच चकित झालो.

गरिबाला मुंबईत टिकवलं ते भाडे नियंत्रण कायद्याने. १९४७च्या कायद्याने भाडं १९४०च्या पातळीवर गोठवलं. गिरगाव-लालबागची चाळसंस्कृती, तिचे गणेशोत्सव, तिची नाटकं, तिच्या संघटना, हे सारं त्या गोठलेल्या भाड्यावर उभं राहिलं. त्याची किंमतही मोजावी लागली. मालकाने दुरुस्ती सोडली, भाड्याची नवी घरं बांधणं थांबलं, आणि खोली बदलायची तर हातावर पागडी ठेवावी लागू लागली. १९६९मध्ये सरकारला इमारत दुरुस्ती मंडळ काढावं लागलं, तेव्हा उपकर भरणाऱ्या जुन्या इमारतींची संख्या १९,६४२ होती. भाडं स्वस्त राहिलं, छप्पर मात्र गळू लागलं.

मग आला १८ जानेवारी १९८२चा संप. अडीच लाख कामगार बाहेर पडले आणि बहुतेकांना पुन्हा आत जाता आलं नाही. गिरण्या थंडावल्या, पण त्यांच्याखालची सुमारे ६०० एकर जमीन तापू लागली. १९९१च्या नियमाने या जमिनीचे तीन वाटे ठरवले. एक पालिकेला मोकळ्या जागेसाठी, एक म्हाडाला घरांसाठी, एक मालकाला. एवढी जमीन खरोखर बाजारात आणि लोकांच्या हाती आली असती, तर परळ-लालबागचे भाव कदाचित वेगळे दिसले असते. पण २००१मध्ये नियमात बदल झाला. वाटणी फक्त आधीपासून मोकळ्या असलेल्या जमिनीची, शेड पाडून मिळणाऱ्या जमिनीची नाही. २००६मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तो बदल उचलून धरला.

मधल्या काळात एक मोठी घसरण होऊन गेली होती. उदारीकरणानंतर १९९५पर्यंत मुंबईचे भाव आकाशाला भिडले, नरिमन पॉइंटची गणना जगातल्या महागड्या जागांत होऊ लागली. त्यानंतर सात-आठ वर्षं भाव घसरत, रखडत राहिले. स्वस्ताई आली ती नेमकी गिरणी कामगाराच्या घरात पगार येत नव्हता तेव्हा. गृहकर्जाचा दर पंधरा टक्क्यांच्या आसपास होता आणि त्याला कर्ज देणार तरी कोण? दर एक आकडी झाले तेव्हा नव्या नोकरीवाल्यांनी घरं घेतली आणि भाव पुन्हा धावू लागले.

किती धावले ते एका व्यवहारावरून कळेल. लोअर परळच्या मुंबई टेक्स्टाइल मिलची सुमारे १७ एकर जमीन २००५मध्ये डीएलएफने ७०२ कोटींना घेतली. २०१२मध्ये तीच जमीन लोढा समूहाने २,७२७ कोटींना घेतली. सात वर्षांत जवळजवळ चौपट. आता यातून एक चतुर्थांश घसरण झाली असं समजू. वर्तमानपत्रं ‘बाजार कोसळला’ असं छापतील. पण चारातून एक गेला तरी तीन उरतात. २००५मध्ये ज्याला परवडत नव्हतं, त्याला तिप्पट भावाने काय परवडणार?

अलीकडे तर भाव आकड्यात पडतही नाहीत, ते थिजतात. २०१३नंतरची काही वर्षं अशीच गेली. वर्षाला पाच टक्के महागाई धरली तर सहा वर्षं थिजलेला भाव खऱ्या अर्थाने पाव हिश्श्याने उतरतो. ज्याचा पगार महागाईसोबत वाढला, त्याने हा फायदा घेतला. कंत्राटी कामगाराच्या पदरात तोही पडला नाही.

गिरगाव-लालबागमध्ये आणखी एक पेच आहे. चाळ पाडून टॉवर बांधताना जुन्या भाडेकरूला घर फुकट मिळतं. ते फुकट नसतं. विक्रीच्या प्रत्येक फ्लॅटमध्ये भाडेकरूच्या घराचा खर्च, त्याचं बांधकाम होईपर्यंतचं भाडं, पालिकेचा प्रीमियम आणि बिल्डरच्या कर्जाचं व्याज भरलेलं असतं. विक्रीचा भाव या बेरजेखाली गेला की बिल्डर स्वस्तात विकत नाही, काम थांबवतो. आधी भाडेकरूचं भाडं बंद होतं, मग खड्ड्यात पाणी साचतं. म्हणजे ज्या बापाची खोली पाडली गेली, त्याला भाव चढे राहायला हवेत आणि त्याच्या मुलाला ते उतरायला हवेत. एकाच घरातल्या दोघांचं हित आपण असं आमनेसामने उभं करून ठेवलं आहे.

मग मला विचारणाऱ्यांना मी काय सांगतो? भाव थिजतील, मोठ्या आलिशान फ्लॅटचे उतरतीलही. पण ते पगारदार कुटुंबाच्या आवाक्यात येतील असा दाखला दीडशे वर्षांत मला सापडला नाही. त्या आशेवर आयुष्याचे निर्णय अडवून धरू नका. या पट्ट्यात सामान्य माणसाला घर मिळालं ते घर बाजाराच्या बाहेर काढलं तेव्हा. ट्रस्टच्या प्लॉटवर, गोठलेल्या भाड्यात, किंवा २०१२च्या म्हाडाच्या सोडतीत. त्या सोडतीत गिरणी कामगारांना ६,९२५ घरं साडेसात लाखांत मिळाली, तीही गिरणीच्याच जमिनीवर. ऑगस्ट २०२५मध्ये वरळीच्या बीडीडी चाळीतल्या पहिल्या ५५६ कुटुंबांच्या हाती ५०० चौरस फुटांच्या घरांच्या किल्ल्या पडल्या. जमीन सरकारची होती म्हणून हे घडलं.

उलट ज्या गिरणी कामगारांचे अर्ज अजून पडून आहेत, त्यांना आता शेलू आणि वांगणीचा रस्ता दाखवला जातोय. लालबागहून कर्जत मार्गावर, बदलापूरच्याही पुढे. त्याविरोधात जुलै २०२५मध्ये कामगार आणि त्यांचे वारस आझाद मैदानात बसले होते. त्यांची मागणी ऐकली तर लक्षात येतं, भाव कमी करा असं त्यात कुणी म्हणत नव्हतं. ते गिरण्यांच्या जमिनीतला आपला वाटा मागत होते. हिशोब त्यांना आपल्यापेक्षा चांगला कळतो.