पाऊणकीची भरती

सातपाटीच्या खाडीच्या तोंडाशी गाळ. बोट आत घ्यायची तर भरतीच गाठावी लागते. भरती कधी, याची कोकणपट्टीत एक तोंडी रीत आहे: तिथीला ३ ने गुणा, ४ ने भागा. चतुर्थीला तीन वाजता पूर्ण भरती, अष्टमीला सहा, द्वादशीला नऊ. सुमारे बारा तासांनी पुन्हा एकदा. पूर्वी शाळेत पावकी-निमकीपाठोपाठ घोकून घेत, ती पाऊणकीच ही.

हिशेब ढोबळ आहे. पंधरा तिथींत भरती १२ तास पुढे सरकते, म्हणजे तिथीमागे ४८ मिनिटं. पाऊणकी ४५ च धरते. तिथीमागे तीन मिनिटं साचत पौर्णिमेला पाऊण तासाचा घोळ होतो, आणि प्रतिपदेला मोजणी पुन्हा एकपासून लागली की बराचसा फिटतो. भरतीचा माथा आला की पाणी लगेच उतरत नाही, त्यामुळे तेवढं खपून जातं. चार-पंचमांशाने गुणलं तर जास्त नेमकं येईल, पण तो पाढा कोणाला पाठ होता?

छापील कोष्टकाचं घराणं वेगळं. मुंबईत अपोलो बंदरावर १८७८ पासूनच्या पाण्याच्या नोंदी आहेत. १८७९ मध्ये लंडनला एडवर्ड रॉबर्ट्स यांनी इंडिया ऑफिससाठी भरती वर्तवणारं यंत्र तयार करवून घेतलं. मूळ कल्पना विल्यम थॉमसन, म्हणजे पुढचे लॉर्ड केल्विन, यांची. चंद्राची ओढ, सूर्याची ओढ, अशा प्रत्येक घटकाला एक चाक आणि एक कप्पी. सगळ्या कप्प्यांवरून फिरवलेली एकच तार भरतीची रेघ कागदावर ओढायची, आणि त्या रेघेवरून हिंदुस्थानातल्या बंदरांची कोष्टकं निघायची. हिशेब इथेही होताच, फक्त तो आधी, दुसरीकडे आणि एकदाच उरकलेला.

पाऊणकी वेळ सांगते, पाणी किती चढेल ते नाही. त्यासाठी कोळ्यांकडे दोन शब्द आहेत: मोठ्या भरतीला उधाण, लहान भरतीला भांग. १९६९ पासून थंडाव्यासाठी समुद्राचं पाणी खेचणाऱ्या तारापूरच्या अणुवीज केंद्राचं तेवढ्यावर भागत नाही. ओहोटीला पाणी कुठवर उतरेल ते मीटरमध्ये आधीच ठाऊक हवं.

जागेवर करायचा हिशेब आणि आधी मांडून ठेवलेलं कोष्टक, ही दोन्ही घराणी एका यंत्रावर अनेक आभासी संगणक चालवणाऱ्या हायपरवायझरमध्येही भेटतात. कुठला पत्ता मेमरीत खरा कुठे, याची कोष्टकं तिथे लागतात. यंत्र सुरू होताना ती मांडायला कोणी जागंच नसतं, म्हणून पहिली काही कोष्टकं प्रोग्राम बांधतानाच त्यात भरून ठेवतात. मेमरी किती ते कळल्यावर पुढची जागेवर मांडतात. आयबीएमच्या १९७२ च्या व्हीएम/३७० मध्ये आभासी संगणकातली पाहुणी सिस्टिम स्वतःचं कोष्टक लिहायची, आणि खालचा हायपरवायझर त्याची खऱ्या पत्त्यांची जोडप्रत लागेल तशी भरायचा. पाहुणीला खऱ्या मेमरीचा ठावच नसतो, मग तिचं कोष्टक जसंच्या तसं चालणार कसं?

सातपाटीतही तेच. खंभातच्या आखाताकडे जावं तशी भरती उशिरा येते, पाणीही जास्त चढतं. मुंबईच्या कोष्टकातली वेळ इथे लावायची तर तिच्यात मिनिटं मिळवावी लागतात, आणि वारा फिरला तर तीही चुकतात.