घाटाने शिकविलेला अभ्यासक्रम

पुण्याहून लोणावळ्याकडे निघालेली लोकल देहूरोड सोडून बेगडेवाडीस थांबते आणि पुढे घोरवाडी, तळेगाव करीत लोणावळ्यास पोहोचते. या गाडीने कॉलेजला जाणारे आपले काही विद्यार्थी स्थापत्य अभियांत्रिकी शिकतात. पदवीनंतर ‘बांधकाम व्यवस्थापन’ हा विषय घ्यावा काय, असा प्रश्न त्यांच्यापुढे व त्यांच्या पालकांपुढे असतो. ‘बांधकामात व्यवस्थापन कसले शिकायचे? साइटवर चार वर्षे उभे राहिले की सारे येते,’ असे पुष्कळांचे मत असते. ते कितपत खरे आहे, हे ज्या लोहमार्गावरून आपण रोज जातो, त्याचाच इतिहास सांगतो.

१८५४ साली पुण्यात सरकारी बांधकामांसाठी कनिष्ठ अधिकारी तयार करणारा एक इंजिनिअरिंग वर्ग सुरू झाला. हेच पुढचे पुण्याचे इंजिनिअरिंग कॉलेज होय. सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या येथूनच १८८३ साली बाहेर पडले. गणित, मोजणी, नकाशे, इमारती, पूल असे शिक्षण तेथे मिळे. परंतु हजारो माणसे, साहित्य, पैसा आणि वेळ यांचा मेळ कसा घालावा, हा स्वतंत्र विषय त्या काळी जगात कोठेच शिकविला जात नव्हता.

त्याच सुमारास ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेने बोरघाटाचे काम हाती घेतले. मुख्य अभियंता जेम्स बर्कले. चढ सुमारे २५ किलोमीटर लांबीचा, उंची १,८३१ फूट. त्यात २५ बोगदे आणि ८ मोठे दगडी पूल. मुंबईकडून खोपोलीपर्यंत रेल्वे १८५६ साली आली. पुणे ते खंडाळा हा भाग, म्हणजे आपला मावळातला मार्ग, जून १८५८ मध्ये सुरू झाला. दोन्हीकडचे रूळ तयार, पण मधला घाट बाकी! त्यामुळे प्रवाशांना आणखी पाच वर्षे घाट रेल्वेवाचूनच ओलांडावा लागला. ज्या एका कामावर सगळ्या कामाची अखेर अवलंबून असते, त्याला आजच्या अभ्यासक्रमात ‘क्रिटिकल पाथ’ म्हणतात. ही पद्धत १९५७ साली अमेरिकेत ड्यू पाँट कंपनीत आकारास आली. तिचा धडा मात्र बोरघाटाने शंभर वर्षे आधीच दिला होता.

दुसरा धडा मजुरीचा. १८५६ साली काम सुरू करणारा पहिला कंत्राटदार फॅव्हिएल. जानेवारी १८५९ मध्ये मजुरीच्या तक्रारीवरून त्याच्या कामगारांत दंगल उसळली आणि त्याच वर्षी त्याने कंत्राट सोडले. मजुराचा घाम वाळण्यापूर्वी मजुरी त्याच्या हाती पडावी, हे आपण घरात लहानपणापासून ऐकतो. ती केवळ दयेची गोष्ट नव्हे. मजुरी थकली की कामही थांबते, असा हा रोकडा हिशेब आहे.

पुढचा कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल हिंदुस्थानात आला आणि अल्पावधीतच आजारी पडून वारला. त्याची पत्नी ॲलिस ट्रेडवेल हिने कंत्राट सोडले नाही. दोन अनुभवी अभियंत्यांना व्यवस्थापक नेमून तिने काम पुढे नेले. १८६१ साली घाटात ४२ हजारांहून अधिक माणसे राबत होती. पावसाळ्यात काम थांबे, माणसे पांगत. पाऊस सरला की पुन्हा जमवावी लागत. स्वच्छ पाणी नाही, राहण्याची सोय नाही. पटकी आणि ताप यांनी हजारो मजूर दगावले. एप्रिल १८६३ मध्ये मुंबईचे गव्हर्नर सर बार्टल फ्रिअर यांच्या हस्ते मार्ग खुला झाला. साहेबांची नावे इतिहासात राहिली; ज्यांनी सुरुंग लावले, पाट्या वाहिल्या, त्यांची नावे कोण सांगणार?

एवढ्यावरही गोष्ट संपली नाही. १८६७ साली, म्हणजे अवघ्या चार वर्षांत, घाटातील एक मोठा दगडी पूल कोसळला आणि या रेल्वेच्या दगडी बांधकामाच्या दर्जाबद्दलच शंका उठली. बाहेरून घडीव दगड दिसला म्हणजे आतली भरणी व चुना चांगलाच असतो, असे नाही. काम चालू असतानाच ते पाहावे लागते.

आता आजचा अभ्यासक्रम उघडून पाहा. अंदाजपत्रक आणि मोजमाप, निविदा आणि करार, कामाचे वेळापत्रक, साहित्य आणि यंत्रे, दर्जा-नियंत्रण, सुरक्षितता, कामगार कायदे, हिशेब. यातील कोणता धडा घाटात नाही? या विषयासाठी ‘निकमार’ ही संस्था १९८३ साली स्थापन झाली. तिचे संकुल पुण्यात बालेवाडीस आहे आणि २०२२ पासून ती विद्यापीठ आहे. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या अभियांत्रिकी शाखेतही बांधकाम व व्यवस्थापन हा पदव्युत्तर विषय आहे. वेतन वेळेवर मिळावे म्हणून १९३६ साली कायदा झाला. बांधकाम मजुरांच्या सुरक्षेसाठी व कल्याणासाठी स्वतंत्र कायदा व्हायला मात्र १९९६ साल उजाडले. घाटातल्या दंगलीपासून मोजले तर १३७ वर्षे!

तेव्हा पालकहो, साइटवर उभे राहून काम येते हे खरे. पण त्या शिक्षणाची फी कोणी भरली, हेही पाहिले पाहिजे. ती बहुधा मजुराने भरली, आणि कित्येकदा प्राणांनी भरली. पुस्तकातून शिकणे म्हणजे इतरांनी एवढी किंमत देऊन मिळविलेला अनुभव आयता हाती घेणे होय. ज्यांच्या घरात गवंडी, सुतार, मिस्त्री यांचा हात फिरला आहे, त्या मुलांना तर अर्धा विषय घरूनच ठाऊक असतो. त्याला हिशेबाची, कायद्याची आणि नियोजनाची जोड मिळाली, तर ती मुले या क्षेत्रात मागे राहणार नाहीत.

आणि विद्यार्थी मित्रांनो, परीक्षेत आलेख काढाल, गुणही मिळवाल. पण उद्या एखाद्या कामावर प्रमुख म्हणून जाल, तेव्हा पहिल्याच दिवशी तीन गोष्टी विचारा: मजुरांना प्यायला पाणी कोठे आहे? मागील पगार झाला काय? उंचावर चढणाऱ्याला सुरक्षा-पट्टा आहे काय? या तिन्हींची उत्तरे समाधानकारक मिळाली, तरच तुमचा अभ्यास कामी आला असे समजा.