मँचेस्टरचा कळवळा

भिवंडीत यंत्रमागांची खटखट गल्लीगल्लीत ऐकू येते. अनेक शेडमध्ये पाळी आजही बारा तासांची असते. आठवड्याला ४८ तासांची मर्यादा घालणारा कारखाना कायदा मात्र १९४८ सालीच आला होता. ही गाठ सोडवायला मुंबईच्या जुन्या गिरण्यांकडे जावं लागतं.

१८७०च्या दशकात मुंबईचं सूत आणि कापड मँचेस्टरला बोचू लागलं आणि नेमका तेव्हाच लँकेशायरच्या गिरणीमालकांना इथल्या बालमजुरांचा कळवळा आला. ब्रिटिश संसदेत चर्चा झाली. १८७५ साली मुंबईत चौकशी आयोग बसला आणि १८८१ साली पहिला कारखाना कायदा आला. सात वर्षांखालच्या मुलांना बंदी, बारा वर्षांखालच्यांना नऊ तास काम. नऊ तास, तेही सवलत म्हणून! मोठ्यांच्या तासांना तर मर्यादाच नव्हती.

'केसरी'सारख्या पत्रांनी कायद्याला विरोध केला. त्यांना हा देशी उद्योग बुडवण्याचा डाव वाटला, आणि तो डाव होताही. पण म्हणून गिरणीतलं सात वर्षांचं पोर खोटं ठरत नव्हतं.

हे ओळखलं ते 'दीनबंधु'चे संपादक, सत्यशोधक नारायण मेघाजी लोखंडे यांनी. टीका कोणत्या हेतूने होतेय, यात ते अडकले नाहीत. १८८४ साली सरकारने पुन्हा आयोग नेमला, तेव्हा परळला कामगारांच्या सभा भरवून त्यांनी ५,५०० सह्यांचं निवेदन पुढे केलं. रविवारची सुट्टी, दुपारी अर्धा तास विश्रांती, वेळेवर पगार, जखमी झाल्यास भरपाई अशा साध्या मागण्या होत्या. मँचेस्टरला यातलं निम्मंही सुचलं नसतं. १० जून १८९० रोजी मुंबईच्या गिरणीमालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली. रविवारी आपण रील बघत लोळतो, ती सुट्टी अशी मिळालेली आहे.

१८८१चा कायदा शंभर किंवा अधिक कामगारांच्या कारखान्यांनाच लागू होता. १८९१ साली हा आकडा पन्नासवर आला आणि १९४८ साली, विजेवर चालणाऱ्या कारखान्यांसाठी, दहावर. भिवंडीची गाठ या दहाच्या आकड्यात होती. एकाच मालकाचे माग वेगवेगळ्या नावांनी, छोट्या छोट्या शेडमध्ये विभागायचे, म्हणजे कागदावर दहा माणसं भरतच नसत.

२०१३ साली ढाक्याजवळ राणा प्लाझा कोसळून अकराशेहून अधिक माणसं मेली. ढिगाऱ्यात युरोपातल्या ब्रँडची लेबलं सापडली, तिकडचे ग्राहक खवळले आणि कंपन्यांना इमारतींच्या सुरक्षेच्या करारावर सह्या कराव्या लागल्या. भिवंडीच्या मागावरून उतरतं ते बहुतेक कोरं कापड. ते दुसऱ्या गावी रंगतं, तिसऱ्या गावी शिवलं जातं. त्यावर लेबल लागतं तेव्हा भिवंडीचं नाव कुठेच नसतं.