'कीचकवध' आणि 'केसरी'चा काळ
जानेवारी १९१०मध्ये सरकारने कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांच्या 'कीचकवध'वर बंदी घातली, तेव्हा ते नाटक रंगभूमीवर येऊन तीन वर्षे होत आली होती. महाराष्ट्र नाटक मंडळी ते उघडपणे करत होती आणि प्रेक्षकही उघडपणे टाळ्या देत होते. मग सरकारला जाग यायला इतका वेळ का लागला? २१ डिसेंबर १९०९ला नाशिकच्या विजयानंद नाट्यगृहात अनंत कान्हेरे यांनी कलेक्टर जॅक्सनवर गोळ्या झाडल्या. प्रयोग होता देवलांच्या 'शारदे'चा. बाला-जरठ विवाहाच्या त्या नाटकाचा राजकारणाशी काडीचा संबंध नव्हता. पण नाटकगृह सरकारच्या डोळ्यांवर आले ते आलेच. त्याच सुमारास लंडनच्या 'टाइम्स'मधल्या एका लेखाने नाटकाचा उलगडाही करून टाकला: कीचक म्हणजे लॉर्ड कर्झन, सैरंध्री म्हणजे हिंदभूमी, युधिष्ठिर म्हणजे मवाळ, भीम म्हणजे जहाल आणि दुबळा विराट म्हणजे विलायतेतले सरकार. पुढे ज्या इंग्रज पत्रकार चिरोलवर टिळकांनी फिर्याद केली, त्याने हा उतारा आपल्या पुस्तकात घेतला. गंमत अशी की मराठी समीक्षेनेही हा गोऱ्या लेखकाचा उलगडा जवळजवळ जसाच्या तसा उचलला.

तो खोटा आहे असे नाही, पण अपुरा आहे. कर्झन १९०५च्या अखेरीसच हिंदुस्थान सोडून गेला होता, आणि नाटक आले १९०७मध्ये. गेलेल्या व्हाइसरॉयवरच्या सूडासाठी तीन वर्षे प्रेक्षक लोटत नाहीत. खाडिलकरांच्या आयुष्याने त्यांच्या नाटकाला काय दिले, हे कीचकात शोधण्यापेक्षा युधिष्ठिर आणि भीम यांच्यातल्या वादात शोधावे. विराटपर्वात सैरंध्री बनलेल्या द्रौपदीला भर सभेत कीचकाची लाथ बसते, युधिष्ठिर तिला आडवळणाने गप्प राहायला सांगतो, आणि ती रात्री स्वयंपाकघरात भीमाकडे जाते. व्यासांना एवढे पुरले. खाडिलकरांनी या फटीत काँग्रेसमधला भावांचा तंटा बसवला: सनदशीर मार्ग किती दिवस धरायचा, आणि त्याचा उपयोग नाही हे सिद्ध झाल्यावर धाकट्याने थोरल्याचा मान कुठवर ठेवायचा. हा वाद टिळकांच्या 'केसरी'च्या कचेरीत रोजचा होता. खाडिलकर तिथे दाखल झाले त्याच सुमारास, १८९७ला, टिळकांवर राजद्रोहाचा खटला झाला, आणि त्यात अफझलखानाच्या वधाची चर्चासुद्धा आरोपीच्या विरुद्ध गेली. इतिहासाच्या आडून बोलणेही महाग पडते, हा धडा त्या कचेरीला मिळाला होता. इतिहासाच्या मागे पुराण उरले होते; विराटपर्वावर खटला भरणे जरा अवघडच.

कुणी म्हणेल, हे सगळे ओढूनताणून आणलेले आहे. खाडिलकरांचे गुरू टिळक नव्हेत, शेक्सपिअर. 'सवाई माधवरावांचा मृत्यू' तर 'हॅम्लेट' आणि 'ऑथेल्लो' यांच्या छायेत उभे आहे. हा आक्षेप मला महत्त्वाचा वाटतो, कारण त्यातूनच फरक दिसतो. ते नाटक १८९३चे, म्हणजे 'केसरी'च्या आधीचे. विशीतल्या लेखकाला तिथे मनाने खचलेला पेशवा भावला आणि शोकान्त त्या खचण्यातच झाला. 'कीचकवधा'तही घुटमळणारा मोठा माणूस आहे, पण नाटक त्याच्यापाशी थांबत नाही, त्याला ओलांडून जाते. शेक्सपिअर दोन्हीकडे आहे. मधली वर्षे वर्तमानपत्रात गेली.

'भाऊबंदकी'चे उदाहरण याहून बोलके आहे. १९०९चे हे नाटक १७७३च्या नारायणरावाच्या खुनावरचे. त्यात काँग्रेसची सुरतेतली फूट दिसते असे सर्रास म्हटले जाते. नावातच ती आहे म्हणा. मला मात्र त्यात जुलै १९०८चे मुंबई हायकोर्ट अधिक दिसते. न्यायमूर्ती दावरांनी टिळकांना सहा वर्षांची शिक्षा दिली, आणि 'केसरी'च्या संपादनाचा भार काही काळ खाडिलकरांवर आला. त्यानंतरच्या वर्षी रंगभूमीवर रामशास्त्री प्रभुणे उभे राहतात आणि गादीवर बसलेल्यालाच खुनी ठरवून देहान्त प्रायश्चित्त सांगतात. हे मनात ठेवून लिहिले याचा दाखला मागितला तर तो देता येणार नाही. पण न्यायाधीश सत्तेपुढे कसा उभा राहतो, हे त्या वर्षी पाहणाऱ्या पुणेकराला दावरांची आठवण झाली नसेल, हे पटणे कठीण.

मग 'मानापमान'चे काय? बंदीनंतरच्याच वर्षी, १९११ला, किर्लोस्कर मंडळीसाठी संगीत प्रेमकथा: गोविंदराव टेंब्यांच्या चाली आणि बालगंधर्वांची भामिनी. खाडिलकर बिचकले, असे म्हणायला जागा आहे, आणि थोडे बिचकले असतील तर त्यात नवल नाही. पण नायक धैर्यधर हा गरीब शिपाईगडी आहे, अपमान पैशाने केलेला आहे, आणि मान मिळतो तो तलवारीने. दोन वर्षांनी आलेल्या 'विद्याहरणा'त शुक्राचार्यांच्या मद्यपानावर इतका भर आहे, तोही १९०८च्या पुण्यातल्या दारूबंदीच्या चळवळीनंतर. विषय जुनेच राहिले. बदलली ती नाटक पाहण्याची रीत. पदाला वन्समोअर पडला की वाद थांबतो, आणि गद्य नाटकात जो संताप साचत जातो तो इथे तानेबरोबर विरतो. १९२०ला खाडिलकर पुन्हा द्रौपदीकडे वळले, या वेळी गंधर्व मंडळीसाठी. तीच अपमानित स्त्री, तेच महाभारत, पण चर्चा झाली ती भरजरी पडदे-पोशाखांची, त्यावर उधळलेल्या पैशाची आणि गायकीची. सरकारला बंदी घालण्याची गरज भासली नाही. १९२९ला खाडिलकर राजद्रोहाबद्दल तुरुंगात गेले, ते 'नवाकाळ'मधल्या लिखाणासाठी.