इतिहासातील बायांची नावे



आपल्या मंडळाच्या वर्धापनदिनाच्या स्मरणिकेसाठी इतिहासावर चार शब्द लिहावेत, असा मैत्रिणींचा आग्रह पडला. माझे शिक्षण सातवीपर्यंत. तेव्हा विद्वत्तेचा आव न आणता आपल्या गावापासूनच सुरुवात करते.

आपल्या रोहिणखेडला इ. स. १४३७ मध्ये मोठी लढाई झाली. खानदेशचा सुलतान नासीरखान याने आपली मुलगी बहामनी घराण्यात अल्लाउद्दीनास दिली होती. पुढे संगमेश्वरच्या राजाची मुलगी सवत म्हणून आली व नवऱ्याची मर्जी तिकडे वळली. पहिलीने माहेरी गाऱ्हाणे कळविले. बाप फौज घेऊन वऱ्हाडावर चालून आला, आणि बहामनी सरदार खलफ हसन याने येथे त्याचा पराभव केला. लढाईच्या हकिकतीत सुलतानांची व सरदाराची नावे येतात. त्या दोघी मात्र बहुधा ‘अमक्याची मुलगी’ एवढ्यावरच राहतात.

ही उणीव भरून काढण्यासाठीच बायांच्या नावाचे दिवस साजरे होऊ लागले. १९१० साली कोपनहेगन येथे कष्टकरी स्त्रियांच्या परिषदेत क्लारा झेटकिन या बाईंनी दरवर्षी महिला दिन पाळण्याची सूचना मांडली. १९११ पासून युरोपात तो सुरू झाला. तेव्हाची मुख्य मागणी मताच्या हक्काची होती. १९१७ साली रशियात पेट्रोग्राडच्या कामगार बाया भाकरीसाठी रस्त्यावर उतरल्या, तो दिवस ८ मार्च. संयुक्त राष्ट्रसंघाने १९७५ हे महिला वर्ष म्हणून पाळले. म्हणजे हा दिवस मुळात हळदीकुंकवाचा किंवा साडी-वाटपाचा नव्हे, हक्क मागण्याचा आहे.

आपल्या जिल्ह्याला तर दिवस शोधायला दूर जावे लागत नाही. १२ जानेवारीला सिंदखेडराजा येथे जिजाऊंच्या जन्मस्थानी केवढा समुदाय लोटतो! शिवरायांची माता म्हणून आपण त्यांना वंदन करतो, ते योग्यच. पण १६६६ मध्ये महाराज आग्र्यास गेले असता मागे राज्याची काळजी ज्यांनी वाहिली, त्या कारभारी जिजाऊही तितक्याच सांगितल्या पाहिजेत.

आता एक नाव असे, की जे आपल्याच घाटावरचे असून पुष्कळ भगिनींना ठाऊक नाही. बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे. वडील बापूजी हरी शिंदे कचेरीत हेडक्लार्क होते, सत्यशोधक समाजाचे होते. त्यांनी मुलीला घरीच शिकविले. १८८१ मध्ये सुरतेकडील विजयालक्ष्मी नावाच्या विधवेस, लोकलज्जेने मूल मारल्याबद्दल, फाशीची शिक्षा झाली. ती पुढे कमी झाली. पण त्या निमित्ताने वर्तमानपत्रांतून साऱ्या स्त्रीजातीलाच दूषणे देणे सुरू झाले. ताराबाईंना ते सोसवेना. १८८२ साली त्यांनी ‘स्त्री-पुरुष तुलना’ हे पुस्तक पुण्यास छापविले. प्रती ५००, किंमत नऊ आणे. जे दोष बायकांच्या माथी मारता ते पुरुषांत नाहीत काय? बायको मेल्यावर पुरुषाने दुसरी करावी, मग विधवेनेच जन्मभर का कुढावे? असे रोखठोक प्रश्न त्यांनी केले.

पुस्तकावर टीकेचा भडिमार झाला. १८८५ मध्ये जोतीराव फुले यांनी ‘सत्सार’ मध्ये त्यांची बाजू घेतली. पुढे ताराबाईंचे दुसरे पुस्तक आले नाही, आणि हेही विस्मरणात गेले. १९७५ साली स. गं. मालशे यांनी ते पुन्हा छापले, तेव्हा महाराष्ट्राला ताराबाई पुन्हा कळल्या. मध्ये ९३ वर्षे गेली! लिहिणाऱ्या बाईची ही गत; मग ज्यांनी अक्षरही लिहिले नाही, त्यांची आठवण कोणी ठेवायची?

ती आपण ठेवायची. मंडळाने एक जाड वही घालावी. गावातली बाळंतपणे करणाऱ्या सुईणी, नवऱ्यामागे शेत राखून मुले शिकविणाऱ्या बाया, पहिल्याने शाळेत गेलेल्या मुली, पहिल्याने ग्रामपंचायतीत बसलेल्या भगिनी, यांची नावे म्हाताऱ्यांना विचारून त्यात लिहावीत. ‘अमक्याची आई’ असे न लिहिता तिचे स्वतःचे नाव लिहावे. माहेरचेही लिहावे. आणि येत्या १२ जानेवारीस जिजाऊंच्या तसबिरीला हार घालताना ताराबाईंच्या पुस्तकातील दोन पाने वाचावीत, अशी माझी सूचना आहे. मंडळाने तिचा विचार करावा.