क्रॉम
क्रॉम : अमेरिकन लेखक रॉबर्ट ई. हॉवर्ड (१९०६–३६) याच्या कॉनन या सिमेरियन योद्ध्याच्या कथांतील सिमेरियन लोकांचा प्रमुख देव. ‘वीअर्ड टेल्स’ या मासिकात १९३२ पासून प्रसिद्ध झालेल्या या कथा हायबोरियन युग या कल्पित प्राचीन काळात घडतात. सिमेरिया हा काळोख्या अरण्यांचा, सदैव ढगाळलेला डोंगराळ मुलूख. तेथील एका उंच पर्वतावर क्रॉमचे वास्तव्य मानले जाते. तो उग्र व निष्ठुर आहे. तो नवसाला पावत नाही. उलट, त्याचा धावा केल्यास संकटच ओढवण्याची भीती. मात्र जन्मसमयी तो माणसाला झुंजण्याचे बळ देतो. पुढचे सारे ज्याचे त्याने मिळवायचे. ‘क्वीन ऑफ द ब्लॅक कोस्ट’ (१९३४) या कथेत कॉनन ही श्रद्धा बेलिट या समुद्री चाच्यांच्या राणीला समजावून सांगतो.

या कथाविश्वात सिमेरियन टोळ्यांनी शेजारच्या ॲक्विलोनिया राज्यातील वसाहतकारांचे व्हेनारियम हे ठाणे उद्ध्वस्त करून आपली भूमी राखली. देवाच्या कृपेवर न विसंबता स्वबळावर टिकवलेले हे स्वातंत्र्य क्रॉमच्या संकल्पनेचे मर्म होय. जॉन मिलियस दिग्दर्शित ‘कॉनन द बार्बेरियन’ (१९८२) या चित्रपटामुळे क्रॉम जगभरच्या प्रेक्षकांना परिचित झाला.